चुकलेल्या ठोक्याचे गणित मांडणारे वेंकेबाख

काळजाचा ठोका चुकणे ही एरवी कवींची मिरास. कॅरेल फ्रेडरिक वेंकेबाख या डच वैद्यांनी मात्र चुकलेल्या ठोक्याचाच हिशेब मांडला. २४ मार्च १८६४ रोजी हेग येथे जन्मलेल्या वेंकेबाख यांनी उट्रेख्टला वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि काही वर्षे हेर्लेन या गावी साधी डॉक्टरकी केली. शरीरक्रियाशास्त्रज्ञ एंगेलमान यांचे बेडकाच्या हृदयावरील प्रयोग त्यांना परिचित होते. ते ज्ञान रुग्णाच्या मनगटाशी जोडून पाहणे, हे त्यांचे वेगळेपण.

१८९९ मध्ये त्यांनी चाळीस वर्षांच्या एका स्त्रीच्या अनियमित नाडीचे विश्लेषण प्रसिद्ध केले. काही ठोके, मग खंड. पुन्हा काही ठोके, पुन्हा खंड. ईसीजी अजून यायचा होता. हाती होता तो केवळ नाडीचा आलेख. वेंकेबाख यांनी अंतरे मोजली. खंडानंतरचे पहिले अंतर मोठे, पुढची कमी होत जाणारी आणि खंड मात्र दोन अंतरांच्या बेरजेहून लहान! त्यांनी ताडले ते असे : हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून संदेश वेळेवर निघतो, पण खाली पोहोचण्यास दरवेळी थोडा अधिक उशीर होतो. अखेर एक संदेश वाटेतच विरतो आणि तेवढ्या विश्रांतीत वाट पुन्हा मोकळी होते. बेडकाच्या हृदयात हे पूर्वी पाहणाऱ्या लुचियानी यांचे नाव त्यांनी या आवर्तनास दिले. रूढ झाले ते मात्र वेंकेबाख यांचेच.

पुढे ग्रोनिंगेन, स्ट्रासबुर्ग आणि १९१४ पासून व्हिएन्ना येथे ते प्राध्यापक होते. क्विनाइनने आपली विस्कळीत नाडी ताळ्यावर येते, असे सांगणाऱ्या एका व्यापारी रुग्णाचे म्हणणे त्यांनी हसण्यावारी नेले नाही, हेही त्यांच्या स्वभावाला धरूनच. ११ नोव्हेंबर १९४० रोजी व्हिएन्नातच त्यांचे निधन झाले.

हार्ट ब्लॉक म्हणजे रक्तवाहिनीतील ‘ब्लॉकेज’ नव्हे. हा संदेशवहनातील अडथळा. पहिल्या प्रतीत संदेश उशिरा, पण प्रत्येक पोहोचतो. तिसऱ्या प्रतीत एकही पोहोचत नाही. वरचे आणि खालचे कप्पे आपापल्या तालावर चालतात. खरी कसोटी मधल्या दुसऱ्या प्रतीची. १९२४ मध्ये वोल्डेमार मोबिट्झ यांनी तिचे दोन प्रकार केले. उशीर वाढत जाऊन ठोका गळणे हा पहिला, म्हणजेच वेंकेबाख यांचा, आणि तो बहुधा निरुपद्रवी. झोपेत निरोगी माणसातही आढळतो. दुसऱ्यात कोणतीही पूर्वसूचना न देता ठोका गळतो. दोष सहसा अधिक खाली असतो आणि पूर्ण हार्ट ब्लॉकची भीती असल्याने पेसमेकर बसवावा लागतो. नाडीवर बोट ठेवणाऱ्याला दोन्हींत जाणवतो तो केवळ खंड. एकाआड एक ठोका गळत असेल, तर लागोपाठ दोन उशीर ताडून पाहण्याची सोयच उरत नाही. मग ईसीजीच्या त्या छोट्या पट्टीवरूनही प्रकार ठरत नाही, लांब आलेख काढावा लागतो.