सर विल्यम क्रूक्स आणि डोळे जपणारी काच

गॉगल घेताना काच जितकी काळी तितकी चांगली, असे तुम्हाला वाटते का? मग सर विल्यम क्रूक्स यांनी केलेले काम जाणून घ्या.

क्रूक्स यांचा जन्म १८३२ मध्ये लंडनला झाला. वडील शिंपी होते. रसायनशास्त्र शिकलेल्या क्रूक्स यांनी १८६१ मध्ये थॅलियम हे मूलद्रव्य शोधले. पुढे त्यांनी हवा काढून टाकलेल्या काचेच्या नळ्यांत विजेचे प्रयोग केले. अशाच नळ्यांवर काम करताना राँटगेन यांना १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले. म्हणजे तुम्ही काढता त्या एक्स-रेशीही क्रूक्स यांचा थोडा संबंध आहे. (मृतात्म्यांशी संवाद साधण्याच्या प्रयोगांवरही त्यांचा विश्वास होता. मोठे वैज्ञानिकही सगळीकडेच चिकित्सक असतात असे नाही.)

त्या काळी काच कारखान्यातले कामगार वर्षानुवर्षे भट्टीतल्या तापलेल्या काचेकडे पाहत काम करत आणि त्यांना मोतीबिंदू लवकर होई. रॉयल सोसायटीने यावर समिती नेमली आणि त्यात क्रूक्स यांना घेतले. संशय अतिनील किरणांवर होता. क्रूक्स यांनी आधी मोजमाप केले, तेव्हा भट्टीतून अतिनील किरण फारसे येत नसून उष्णतेचे अवरक्त किरण भरपूर येतात असे आढळले. तरीही त्यांनी दोन्ही किरण अडवायचे ठरवले. काचेत वेगवेगळे धातू मिसळून त्यांनी ३०० हून अधिक नमुने तपासले. लोहामुळे उष्णता अडली, सीरियममुळे अतिनील किरण. १९१३ मध्ये त्यांनी हे काम मांडले तेव्हा ते ८१ वर्षांचे होते. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाच्या फिकट रंगाच्या काचा नंतरही चष्म्यांत वापरात राहिल्या.

या कामातली तुमच्या उपयोगाची गोष्ट अशी की, अतिनील किरण अडवणारी काच जवळजवळ रंगहीन असू शकते. उलट, काळ्या काचेला अतिनील संरक्षण नसेल तर ती घातक ठरू शकते, कारण अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि हे किरण आत जायला जास्त वाट मिळते. किरण दिसत नसल्यामुळे नुसते पाहून काहीच कळत नाही. म्हणून गॉगलवर ‘यूव्ही ४००’ किंवा ‘१०० टक्के यूव्ही संरक्षण’ लिहिले आहे का ते पाहा. शंका असेल तर चष्म्याच्या दुकानात मीटरवर तपासून घ्या. थोडाच वेळ लागतो. किंमत हा पुरावा नव्हे. उन्हातच काम असेल तर बाजूनेही डोळे झाकणारी फ्रेम आणि रुंद काठाची टोपी घ्या. वर्षानुवर्षे उन्हात राहिल्याने मोतीबिंदूचा धोका वाढतो, तसेच पांढऱ्या भागावरून बुबुळावर मांस वाढू शकते. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले असेल, तर बसवलेल्या भिंगात अतिनील संरक्षण आहे का, हे डॉक्टरांना विचारा.

कोणताही गॉगल लावून सूर्याकडे किंवा ग्रहणाकडे पाहू नका. घरात कोणी वेल्डिंग करत असेल तर साध्या गॉगलवर भागवू देऊ नका, त्यासाठी वेल्डिंगचाच मुखवटा लागतो. काम संपल्यावर काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागले, पाणी आले, उजेड सहन होईना, तर घरातले जुने थेंब न घालता लगेच नेत्रतज्ज्ञांना दाखवा.