मंगळाचा नकाशा काढणारा

निरभ्र रात्री तांबूस तेजाने तळपणारा मंगळ आपल्या पूर्वजांनी फार प्राचीन काळीच ओळखला होता. परंतु त्या ग्रहाच्या पृष्ठभागाचे काळजीपूर्वक मोजमाप करून त्याचा तपशीलवार नकाशा तयार करण्याचे आणि तेथील प्रदेशांना आजतागायत टिकलेली नावे देण्याचे काम एका इटालियन ज्योतिर्विदाने केले. त्याचे नाव जोव्हान्नी स्क्यापारेल्ली. दैवाची गंमत अशी, की ज्या गोष्टीमुळे तो जगभर गाजला, ती गोष्ट मंगळावर नव्हतीच. तरीही त्याची योग्यता तिळभरही उणी होत नाही. असे का, हे त्याच्या चरित्रावरून कळते.

जोव्हान्नीचा जन्म १४ मार्च १८३५ रोजी उत्तर इटलीतील साव्हिल्यानो या गावी झाला. वडिलांचा विटा व कौले भाजण्याचा व्यवसाय होता. पण त्यांना आकाशाची आवड होती. लहानग्या मुलाला ताऱ्यांची पहिली ओळख त्यांनीच करून दिली. जुलै १८४२ मध्ये खग्रास सूर्यग्रहण झाले, तेव्हा जोव्हान्नी अवघा सात वर्षांचा होता. उगवलेला दिवस पाहता पाहता काळवंडला. अशा ग्रहणाची वेळ विद्वान माणसे गणिताने आधीच सांगू शकतात, हे कळल्यावर त्याच्या नवलाला सीमा राहिली नाही. ज्योतिर्विद होण्याचे बीज त्याच्या मनात पडले ते तेव्हापासून.

पुढे ट्यूरिन येथील विद्यापीठातून १८५४ साली त्याने अभियंत्याची पदवी मिळवली. पाणी कसे अडवावे, ते कालव्यातून कसे न्यावे, हे त्या शिक्षणाचे मुख्य विषय होते. हा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढच्या हकिकतीत तो उपयोगी पडेल. काही काळ त्याने शाळेत गणित शिकवले. मात्र मन आकाशाकडेच ओढ घेत होते. सरकारी साहाय्य मिळवून तो प्रथम बर्लिनला व नंतर रशियातील पुल्कोव्हो वेधशाळेत शिकावयास गेला. १८६० साली तो मिलान शहरातील ब्रेरा वेधशाळेत रुजू झाला आणि दोनच वर्षांनी तिचा प्रमुख झाला. हे पद त्याने १९०० सालापर्यंत, म्हणजे ३८ वर्षे सांभाळले.

आरंभीच त्याने मोठी कामगिरी केली. १८६१ साली त्याने हेस्पेरिया हा लघुग्रह शोधून काढला. दर वर्षी ऑगस्ट महिन्यात आकाशात उल्कांचा वर्षाव होतो. त्या उल्का एका धूमकेतूच्याच मार्गाने येतात, हे त्याने १८६६ साली गणिताने दाखवून दिले. उल्का आणि धूमकेतू यांचे नाते जुळले, ते या शोधामुळे.

१८७७ साली मंगळ पृथ्वीच्या पुष्कळच जवळ आला. असा सुयोग साधारणपणे १५ ते १७ वर्षांनी एकदा येतो. स्क्यापारेल्लीजवळ २२ सेंटिमीटर व्यासाच्या भिंगाची दुर्बीण होती. तीतूनही मंगळ एखाद्या लहानशा, थरथरत्या चकतीएवढाच दिसे. वातावरण क्षणभर स्थिर झाले, की चित्र स्पष्ट होई आणि लगेच पुसट होई. त्या क्षणांची वाट पाहत तो रात्रीमागून रात्री जागला. एकेका खुणेचे स्थान मोजून त्याने नकाशा रेखाटला. तेथील उजळ व काळसर प्रदेशांना त्याने प्राचीन भूगोलातली आणि पुराणकथांतली नावे दिली. अरेबिया, थार्सिस, अ‍ॅमेझोनिस, हेलास ही नावे त्याचीच.

या नकाशात त्याने काही बारीक काळसर रेषाही काढल्या आणि त्यांना ‘कानाली’ म्हटले. त्याच्या भाषेत या शब्दाचा अर्थ पाण्याची वाट असा होतो. ती नैसर्गिक असो वा खणलेली असो. पण इंग्रजीत या शब्दाचे भाषांतर झाले, ते माणसाने खणलेला कालवा अशा अर्थाच्या शब्दाने. नाशिककडील मुलांना यातला भेद समजावून सांगावयास नको. पावसाळ्यात ब्रह्मगिरीच्या अंगावरून धावणारे ओहोळ कोणी खणलेले नसतात. नांदूर-मधमेश्वरच्या बंधाऱ्यापासून निघालेले गोदावरीचे कालवे मात्र माणसांनी आखून खणले आहेत. ओहोळ दिसला तर पावसाची आठवण होते. कालवा दिसला, की तो खणणाऱ्यांचा विचार मनात येतो. एका शब्दाच्या फरकाने मंगळावर वस्ती झाली ती अशी!

सुएझचा कालवा १८६९ साली खुला झाला होता. त्यामुळे कालवा म्हणजे बुद्धी व पराक्रम यांची खूण, अशी लोकांची समजूत होती. अमेरिकेतील पर्सिव्हल लोवेल नावाच्या धनिकाने १८९४ साली ॲरिझोना प्रांतात मुद्दाम वेधशाळा उभारली. मंगळावरील बुद्धिमान रहिवासी ध्रुवांवरचे वितळलेले पाणी कालव्यांनी कोरड्या प्रदेशांकडे नेतात, असे तो हिरिरीने सांगू लागला.

स्क्यापारेल्ली स्वतः कालव्यांच्या विद्येत पदवीधर होता. लोकांना प्रिय असलेली ती कल्पना उचलून धरणे त्याला किती सोपे होते! त्याने तसे केले नाही. क्वचित एखाद्या लेखात त्याने कल्पनेला मोकळे सोडले खरे, पण कल्पना ही सिद्ध झालेली गोष्ट म्हणून त्याने कधी पुढे केली नाही. जे दिसले ते नोंदवावे आणि जे सिद्ध झाले नाही त्याविषयी घाई करू नये, हीच त्याची रीत होती.

तथापि त्या रेषाच खऱ्या नव्हत्या. इंग्लंडमधील माँडर या ज्योतिर्विदाने १९०३ साली शाळकरी मुलांवर एक प्रयोग केला. ठिपके आणि वेडेवाकडे डाग असलेले, पण एकही सरळ रेषा नसलेले मंगळाचे चित्र त्याने दूर ठेवले व मुलांना ते पाहून काढावयास सांगितले. काही मुलांनी त्यात सरळ रेषा काढल्या! तुटक ठिपके नीट दिसेनासे झाले, की आपले डोळे त्यांना जोडून टाकतात. १९०९ साली फ्रान्समधील मोठ्या दुर्बिणीतून आंतोनियादी याने पाहिले, तेव्हा रेषांच्या जागी त्याला निरनिराळे डागच दिसले.

तोवर स्क्यापारेल्ली वृद्ध झाला होता. दृष्टी मंदावल्यामुळे दुर्बिणीचा सहवास सुटला होता. पण तो स्वस्थ बसला नाही. प्राचीन लोकांच्या ज्योतिषज्ञानाचा अभ्यास करून त्याने ग्रंथ लिहिला. ४ जुलै १९१० रोजी मिलान येथे त्याचे निधन झाले.

१९६५ साली मरिनर ४ या यानाने मंगळाजवळून जाताना छायाचित्रे घेतली. त्यांत कालवे नव्हते. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारसारखी, आघाताने पडलेली विवरे मात्र होती. पुढे मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांना या विवरांच्या उतारांवर काळपट ओघळ आढळले. ते वरच्या टोकाला निमुळते व खाली पसरट असून काही शेकडो मीटर लांब होते. काही वर्षांनी त्याच जागी पुन्हा पाहता नवे ओघळ उमटलेले आणि जुने फिकट झालेले दिसत. हे खारे पाणी पाझरल्याचे चिन्ह असावे, असे काहींना वाटले. इतरांच्या मते ती घसरलेली धूळ होती. २०२५ साली संशोधकांनी अशा सुमारे पाच लाख ओघळांची संगणकाच्या साहाय्याने छाननी केली. पाण्याशी त्यांचा संबंध जुळला नाही. वारा आणि धूळ यांच्याशी जुळला. वरची उजळ धूळ निसटते आणि खालचा गडद थर उघडा पडतो, हेच कारण अधिक संभवनीय ठरले.

हे ओघळ विपुल दिसतात ते अरेबिया, थार्सिस यांसारख्या धुळीने माखलेल्या प्रदेशांत. ही नावे स्क्यापारेल्लीनेच दिलेली आहेत, हे वाचकांस आठवत असेलच. मंगळाच्या विषुववृत्तानजीकचे एक प्रचंड विवरही त्याच्या नावाने ओळखले जाते. रेषा पुसल्या गेल्या, नावे राहिली. डोळ्यांना दिसलेले आणि मनाने जोडलेले यांतील अंतर ओळखणे किती कठीण आहे, आणि ते ओळखेपर्यंत धीर धरणे किती आवश्यक आहे, हे या थोर निरीक्षकाचे जीवन आपल्याला शिकवते.