मैत्रीच्या खात्यातले एक लाख डॉलर

लाचखोर माणूस डोळ्यांसमोर आणायला सांगितला, तर आपण सगळे साधारण एकच चित्र रंगवतो. टेबलाखालून पुढे आलेला हात, घाईघाईने मोजलेल्या नोटा आणि आपण चोरी करतो आहोत हे पुरते ठाऊक असलेले मन. अमेरिकेचा अंतर्गत खात्याचा मंत्री आल्बर्ट फॉल या चित्रात बसत नाही. पदावर असताना केलेल्या गुन्ह्यासाठी तुरुंगात गेलेला त्या देशाचा हा पहिला मंत्री. पण आपण लाच घेतली, हे त्याने मरेपर्यंत कबूल केले नाही. मला तर अशी दाट शंका आहे की, ते त्याला मनोमनही पटलेले नसावे. त्याचे चरित्र वाचावेसे वाटते ते त्यामुळेच.

फॉलचा जन्म 1861 सालचा, केंटकी राज्यातल्या फ्रँकफर्टचा. घरची गरिबी, शाळेत बसायच्या वयात पोर कापडाच्या गिरणीत कामाला लागले. पुढे छातीच्या दुखण्याने ग्रासले आणि कोरड्या हवेच्या शोधात तो पश्चिमेकडे निघाला. तिथे त्याने गुरे राखली, मेक्सिकोच्या खाणींत अंगमेहनत केली, तिथल्या मजुरांत राहून अस्खलित स्पॅनिश शिकला आणि स्वतःच पुस्तके वाचून वकील झाला. न्यू मेक्सिकोतल्या किंग्स्टन या खाणगावात त्याची ओळख एडवर्ड डोहेनी नावाच्या, त्याच्यासारख्याच फाटक्या खिशाच्या तरुणाशी झाली. जमिनीत चांदी सापडेल या आशेवर जगणारी ही माणसे. एकमेकांच्या अडीनडीला धावून जाणे, हाच त्या मुलखातला कायदा होता. त्या दोघांची मैत्री तिथे जुळली आणि पुढे आयुष्यभर टिकली.

नंतर दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. डोहेनीला 1892 मध्ये लॉस एंजलिसमध्ये तेल लागले. पुढे मेक्सिकोतही त्याने विहिरी खणल्या आणि तो अमेरिकेतल्या मोजक्या अतिश्रीमंतांत जाऊन बसला. फॉलने वकिलीत नाव काढले. बिली द किडला मारणारा शेरीफ पॅट गॅरेट पुढे स्वतःच मारला गेला, त्या खुनातल्या आरोपीचे वकीलपत्र घेऊन त्याला सोडवणारा वकील फॉलच. न्यू मेक्सिकोला 1912 मध्ये राज्याचा दर्जा मिळाला आणि फॉल तिथून सिनेटवर निवडून गेला. पण त्याचा जीव अडकला होता तो थ्री रिव्हर्स येथल्या आपल्या विस्तीर्ण रँचमध्ये. रँच मोठी, पण कर्जात बुडालेली. 1912 नंतरचा कर थकलेला. त्यात 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत एक मुलगा आणि एक मुलगी अशी दोन अपत्ये गेली. हा माणूस पैशाने आणि मनाने खचला होता, हे इथे नोंदवून ठेवायला हवे.

सिनेटमधला त्याचा मित्र वॉरन हार्डिंग 1921 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला आणि त्याने फॉलला अंतर्गत खात्याचा मंत्री केले. या नावावरून आपल्याकडचे गृहखाते डोळ्यांसमोर येईल. पण अमेरिकेत हे खाते पोलिसांचे नव्हे. सरकारी जमिनी, त्यांतली खनिजे आणि तेल यांची राखण या खात्याकडे असते. फॉलचे नाव समितीकडे छाननीला न पाठवताच सिनेटने ते एकमताने मंजूर केले. आपल्यातलाच माणूस, त्याची चौकशी कसली करायची?

त्या काळात आरमाराच्या बोटी कोळशावरून तेलावर येत होत्या. युद्धकाळात तेल कमी पडू नये म्हणून कॅलिफोर्नियातली एल्क हिल्स आणि ब्यूना व्हिस्टा, तर वायोमिंगमधले टीपॉट डोम अशी तीन तेलक्षेत्रे सरकारने आरमारासाठी राखून ठेवली होती. टीपॉट डोम हे नाव जवळच्या चहाच्या किटलीसारख्या दिसणाऱ्या खडकावरून पडलेले. क्षेत्र सुमारे साडेनऊ हजार एकरांचे. हार्डिंगने 31 मे 1921 रोजी आदेश काढून हे साठे आरमार खात्याकडून फॉलच्या खात्याकडे सोपवले. आरमारमंत्री एडविन डेन्बी यांनी खळखळ केली नाही. त्यांच्या काही अधिकाऱ्यांनी विरोध केला, पण तो चालला नाही.

फॉलचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. शेजाऱ्याने बोअर मारली की आपल्या विहिरीचे पाणी उतरते, हे आपल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. तेलाचेही तसेच आहे. कुंपण जमिनीवर असते, जमिनीखाली नसते. लगतचे खासगी मालक तेल उपसत असतील तर सरकारी साठा आपोआप आटणार. त्यापेक्षा तो भाडेपट्ट्याने देऊन सरकारच्या वाट्यात पर्ल हार्बरला तेलाच्या टाक्या बांधून घ्याव्यात, असे त्याचे म्हणणे होते. मग हे उघडपणे, निविदा मागवून का केले नाही? टीपॉट डोमचा पट्टा 7 एप्रिल 1922 रोजी गुपचूप हॅरी सिंक्लेअर या तेलसम्राटाच्या कंपनीला मिळाला. आठवड्याभरात वॉल स्ट्रीट जर्नलने बातमी फोडली. एल्क हिल्स गेले डोहेनीकडे. टीपॉट डोमच्या हद्दीत एका दुसऱ्या कंपनीने घुसून विहीर खणायला घेतली, तेव्हा तिला हुसकावण्यासाठी फॉलने चक्क नौसैनिक धाडायला लावले. राखणदाराची इतकी तत्परता पाहून कुणाला तरी शंका यायला हवी होती.

कारण त्याआधीच, 30 नोव्हेंबर 1921 रोजी, डोहेनीचा मुलगा नेड एका काळ्या बॅगेत रोख एक लाख डॉलर घेऊन वॉशिंग्टनमध्ये फॉलच्या निवासस्थानी आला होता. मंत्र्याचा वार्षिक पगार तेव्हा बारा हजार डॉलर होता. म्हणजे त्या बॅगेत आठ वर्षांहून अधिक काळाचे वेतन होते. त्या पैशातून फॉलने शेजारची रँच घेतली. वर्ष संपता संपता सिंक्लेअर थ्री रिव्हर्सला पाहुणा म्हणून आला. मागोमाग कालवडी, वळू, डुकरे आणि एक घोडा अशी भेट आली, आणि पुढे फॉलच्या जावयामार्फत सुमारे सव्वादोन लाख डॉलरचे सरकारी रोखे.

हे बाहेर आले ते थॉमस वॉल्श या मोंटाना राज्याच्या सिनेटरच्या चिकाटीमुळे. खात्याने धाडलेले कागदांचे ढीग हा माणूस महिनोन्महिने उपसत बसला. सुनावणी ऑक्टोबर 1923 मध्ये सुरू झाली; तोवर फॉल मंत्रिपद सोडून गेला होता आणि हार्डिंगही वारला होता. वॉल्शने तेलाबरोबरच रँचची चौकशी केली. दहा वर्षे थकलेला कर अचानक कसा भरला गेला? नवी कुंपणे कुठून आली? कार्ल मॅगी नावाच्या संपादकाने रँचचा पालटलेला थाट स्वतः पाहिला होता. त्याने साक्ष दिली. (याच मॅगीने पुढे पार्किंग मीटर शोधून काढला.) फॉलने सांगितले की, पैसे वॉशिंग्टन पोस्टचे मालक एडवर्ड मॅक्लीन यांनी उसने दिले. मॅक्लीन प्रकृतीचे कारण सांगून फ्लॉरिडात बसले होते, तर वॉल्श फ्लॉरिडाला जाऊन थडकला. मॅक्लीननी कानांवर हात ठेवले. अखेर 24 जानेवारी 1924 रोजी डोहेनीने आपणहून साक्ष दिली: होय, पैसे मी दिले, जुन्या मित्राला कर्जाऊ दिले. आपल्यासारख्याला ही रक्कम किरकोळ आहे, असेही त्याने ऐकवले. ज्या एल्क हिल्समधून दहा कोटी डॉलरच्या नफ्याची त्याला आशा होती, त्यापुढे ती किरकोळच होती.

सर्वोच्च न्यायालयाने 1927 मध्ये दोन्ही भाडेपट्टे रद्दबातल ठरवले. ज्युरीने 25 ऑक्टोबर 1929 रोजी फॉलला डोहेनीकडून लाच घेतल्याबद्दल दोषी ठरवले. शिक्षा एक वर्षाची आणि दंड एक लाख डॉलर. पाच महिन्यांनी दुसऱ्या ज्युरीने डोहेनीला तीच लाच दिल्याच्या आरोपातून निर्दोष सोडले. बॅग एकच, घेणारा गुन्हेगार आणि देणारा मित्र! सिंक्लेअर तुरुंगात गेला तो सिनेटचा अवमान आणि ज्युरीच्या मागावर माणसे लावणे यासाठी. बॅग वाहून नेणारा नेड मात्र खटले संपेपर्यंत जगलाच नाही. फेब्रुवारी 1929 मध्ये तो आणि त्या दिवशी त्याच्यासोबत गेलेला मदतनीस, दोघेही नेडच्याच घरात गोळ्या लागून मेले.

आजारी फॉल 1931 च्या जुलैत रुग्णवाहिकेतून सांता फेच्या तुरुंगात दाखल झाला आणि सुमारे नऊ महिन्यांनी सुटला. दंड भरायला त्याच्याकडे काही उरलेच नव्हते. आणि आता मैत्रीचा शेवटचा अंक पाहा. 1930 च्या दशकाच्या मध्यात डोहेनीच्या कंपनीने कर्जवसुलीसाठी थ्री रिव्हर्सची रँच ताब्यात घेतली आणि म्हाताऱ्या नवराबायकोला घर सोडावे लागले. फॉल 1944 मध्ये एल पासो इथे वारला.

मला या कहाणीतला सर्वांत बोचणारा भाग हाच वाटतो. मैत्री खोटी होती असे मी म्हणणार नाही. किंग्स्टनच्या दिवसांत ती अस्सलच असणार. पण एक जण राखणदार झाला आणि दुसऱ्याचा डोळा राखलेल्या मालावर गेला, त्या दिवसापासून त्या मैत्रीचा अर्थ बदलला. फॉलने तो बदल मानला नाही. घेणाऱ्याचे सगळे आयुष्य पणाला लागते आणि देणाऱ्याच्या लेखी ती किरकोळ रक्कम असते, ही विषमताही त्याला दिसली नाही. दिवाळीला साहेबांच्या घरी सुकामेव्याचा डबा पोहोचवणारे आणि तो ठेवून घेणारे, दोघेही आपल्याकडे त्याला आपुलकीच म्हणतात.

फॉलच्याच खात्यात 1982 साली खनिज व्यवस्थापनाचा एक विभाग निघाला. तेल कंपन्यांकडून सरकारचा वाटा घेणे आणि समुद्रातल्या विहिरींवर नजर ठेवणे, ही त्याची कामे. खात्याच्या महानिरीक्षकाने 2008 मध्ये अहवाल दिला की, डेन्व्हरजवळच्या कार्यालयातल्या सुमारे एक तृतीयांश कर्मचाऱ्यांनी कंपन्यांच्या भेटी आणि पाहुणचार घेतला होता. मेक्सिकोच्या आखातात 20 एप्रिल 2010 रोजी डीपवॉटर होरायझनचा स्फोट होऊन 11 जण ठार झाले. पुढच्याच महिन्यात लुइझियानातल्या एका कार्यालयाबद्दलचा अहवाल आला. तो स्फोटाबद्दल नव्हता, आधीच्या काळातल्या तिकिटांबद्दल आणि शिकारीच्या सहलींबद्दल होता. तिथल्या अधिकाऱ्याचे स्पष्टीकरण काय, तर निरीक्षक आणि कंपन्यांची माणसे एकाच गावात वाढलेली, एकत्र मासेमारी केलेली. पुढे 2011 पर्यंत त्या विभागाचे तुकडे करून तो मोडीत काढला गेला.

निरीक्षकांनी माणसांशी मैत्री तोडावी, असे कुणी सांगू शकणार नाही. म्हणूनच निविदा उघडी हवी, दप्तर खुले हवे, आणि मित्राचा कागद आला की तो दुसऱ्याच्या टेबलावर सरकवण्याची रीत हवी. आणि हे सगळे असूनही कुंपण नवे दिसले, तर ते कुणाच्या पैशाने झाले, असे विचारणारा एखादा वॉल्श तर हवाच हवा.