मार्सेल ब्रॉयर

मार्सेल ब्रॉयर (जन्म : पेच, हंगेरी, २१ मे १९०२, मृत्यू : न्यू यॉर्क, १ जुलै १९८१) हे हंगेरीत जन्मलेले वास्तुविशारद व फर्निचर-रचनाकार होते. पोलादी नळीची खुर्ची घराच्या दिवाणखान्यात आणण्याचे श्रेय मुख्यत्वे त्यांना दिले जाते.

कलाशिक्षणासाठी ते १९२० मध्ये व्हिएन्नाच्या कला अकादमीत गेले. तेथील वातावरण न रुचल्याने अल्पावधीतच त्यांनी ती सोडली आणि जर्मनीतील वायमार येथे नव्याने निघालेल्या बाउहाउस या कलाशाळेत प्रवेश घेतला. १९२५ मध्ये शाळा देसाऊ येथे हलली, तेव्हा संस्थापक वॉल्टर ग्रोपियस यांनी सुतारकामाची कार्यशाळा या तेवीस वर्षांच्या तरुणाकडे सोपवली.

'वासिली' खुर्ची

देसाऊत ब्रॉयर यांनी आडलर बनावटीची सायकल घेतली. तिच्या वाकवलेल्या पोलादी हँडलवरून अशाच नळीची खुर्ची करण्याची कल्पना त्यांना सुचली. सायकल कंपनीने तीत रस दाखवला नाही. तेव्हा त्यांनी दुसरीकडून नळ्या मिळवल्या आणि एका प्लंबरच्या मदतीने सांगाडा जोडून घेतला. १९२५-२६ मधील ही 'बी ३' खुर्ची म्हणजे जुन्या गादीदार आरामखुर्चीची जणू रेखाकृतीच होय. बसणाऱ्याचा भार ताणून बसवलेल्या कापडी पट्ट्यांवर पडतो. थंड धातू पाठीला लागत नाही. बाउहाउसमधील अध्यापक व चित्रकार वासिली कांडिन्स्की यांना ती आवडल्याने ब्रॉयर यांनी त्यांनाही एक करून दिली. मात्र ती मुळात कांडिन्स्कींसाठीच घडवली होती, हा रूढ समज बरोबर नाही. 'वासिली' हे नाव १९६० च्या दशकात गाविना या इटालियन उत्पादकाने तिचे पुन्हा उत्पादन केले, तेव्हाचे आहे.

मागील पायांचा वाद

मागील पाय नसलेली, बसताच किंचित लवणारी खुर्ची ब्रॉयर यांनी १९२८ मध्ये सिद्ध केली. पोलादी नळीला लाकडी चौकट व वेताची जाळी यांची जोड देणारी ही खुर्ची पुढे त्यांची कन्या फ्रान्सेस्का हिच्यावरून 'चेस्का' म्हणून ओळखली गेली. परंतु डच वास्तुविशारद मार्ट स्टाम यांनी तशी बिनमागील पायांची खुर्ची १९२७ मध्येच श्टुटगार्टच्या प्रदर्शनात मांडली होती. ही कल्पना मूळची आपली, असे ब्रॉयर यांचे म्हणणे होते. प्रकरण न्यायालयात गेले आणि १९३२ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने रचनेचा हक्क स्टाम यांच्या बाजूने मान्य केला. निकाल तत्त्वाचा होता. बसण्याच्या सुखाचा विचार केला, तर चेस्काच सरस ठरते.

उत्तरायुष्य

ज्यू कुटुंबात जन्मलेल्या ब्रॉयर यांना नाझी राजवटीत जर्मनीत वाव उरला नाही. १९३५ मध्ये ते लंडनला गेले. तेथे त्यांनी आयसोकॉन कंपनीसाठी प्लायवुडची लांब आरामखुर्ची रचली. १९३७ मध्ये ग्रोपियस यांच्या पाठोपाठ ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात अध्यापक झाले. पुढे त्यांचा ओढा काँक्रीटकडे वळला. पॅरिसमधील युनेस्को मुख्यालय (१९५८, इतर दोघांसह) आणि न्यू यॉर्कमधील व्हिटनी संग्रहालयाची इमारत (१९६६) या त्यांच्या प्रमुख वास्तू होत.