जॉर्ज नाकाशिमा : उशिरा सुतार झालेला वास्तुविशारद



सुतार म्हटला की आपल्याला संत योसेफ आठवतो. आज आम्ही दुसऱ्या एका सुताराची ओळख करून देत आहोत. रंधा हा त्याचा व्यवसाय झाला तो पस्तिशीच्या सुमारास.

जॉर्ज नाकाशिमा यांचा जन्म १९०५ साली अमेरिकेत स्पोकेन येथे जपानी आईवडिलांच्या पोटी झाला. आधी वनशास्त्र, मग वास्तुकला असे त्यांचे शिक्षण झाले. पुढे ते पॅरिस आणि टोकियोला गेले. टोकियोत अँटोनिन रेमंड यांच्या कचेरीत असताना पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमातील गोलकोंडा वसतिगृहाचे काम त्यांच्याकडे आले. ते तेथे गेले, आश्रमात रमले आणि त्यांना सुंदरानंद हे नाव मिळाले.

अमेरिकेत परतल्यावर मात्र त्यांनी इमारती सोडून फर्निचर बनवायचे ठरवले. इमारत अनेकांच्या हातून जाते, खुर्ची पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच्या हातात राहते. सिॲटलला मेरीनॉल मिशनच्या फादर लिओपोल्ड टिबेसर यांनी त्यांना कामाला जागा दिली. मोबदला एवढाच, की मुलांना सुतारकाम शिकवायचे.

पण युद्ध आले. १९४२ साली पत्नी मॅरियन आणि तान्ही मीरा यांच्यासह त्यांना आयडाहोतील मिनिडोका छावणीत डांबण्यात आले. गुन्हा? जपानी वंश! तिथे गेंतारो हिकोगावा नावाचे जपानी पद्धतीचे कसबी सुतार भेटले. टाकाऊ फळ्या आणि वाळवंटी झुडपांच्या लाकडावर नाकाशिमा त्यांच्याकडून शिकले. वास्तुकलेची मोठी पदवी गाठीशी असलेला माणूस तिथे पुन्हा उमेदवार झाला, हे आम्हांला विशेष वाटते. १९४३ साली रेमंड यांच्या मदतीने सुटका झाली. पेनसिल्व्हेनियात न्यू होपला आधी शेतावर राबून मग त्यांनी स्वतःचा कारखाना उभारला.

लाकूड हे द्रव्य, आकार कारागीर देतो, असे आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात शिकलो. नाकाशिमांना ते पटले नसते. ते फळीची वाकडी कड तशीच ठेवत आणि भेग पडली तर ती न लपवता फुलपाखराच्या आकाराचा लाकडी तुकडा बसवून सांधत.

पुढे ते कॅथलिक झाले. क्योटोजवळील कात्सुराचे चर्च आणि न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातील बेनेडिक्टाइन मठाचे चर्च यांचे आराखडे त्यांचेच. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतही त्यांनी काम केले.

उतारवयात एका प्रचंड अक्रोडाच्या खोडातून त्यांनी शांतीची वेदी घडवली. १९८६ च्या अखेरीस ती न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन कॅथेड्रलमध्ये बसवली गेली. प्रत्येक खंडात अशी एक वेदी असावी ही त्यांची इच्छा होती. १९९० साली ते वारले. त्यानंतर १९९६ साली अशी वेदी भारतात आली, पाँडिचेरीजवळच्या ऑरोव्हिलला.