झोपेच्या साथीने उलगडलेले बालमन

पहिले महायुद्ध संपल्यानंतरच्या काही वर्षांत युरोप आणि अमेरिकेतील मज्जाविकारतज्ज्ञांकडे एक विचित्र तक्रार घेऊन पालक येऊ लागले. काही महिन्यांपूर्वी त्यांचे मूल तापाने फणफणले होते, दिवसचे दिवस झोपून होते, जगण्याची आशा उरली नव्हती. त्यातून ते उठले, चालू-बोलू लागले, शाळेतही जाऊ लागले. मात्र आजारातून परतलेले मूल पूर्वीचे राहिले नव्हते. कालपर्यंत आज्ञाधारक असलेली मुलगी शिक्षिकेच्या अंगावर धावून जात होती. शांत स्वभावाचा मुलगा चोऱ्या करीत होता, धाकट्या भावंडांना मारीत होता. रात्रभर जागून गाणी म्हणणारी, घरभर येरझारा घालणारी ही मुले दिवसा वर्गात पेंगत. शिक्षेचा काडीचाही उपयोग होत नसे. काही मुले आपल्याच कृत्याबद्दल रडत, क्षमा मागत आणि थोड्याच वेळात तेच पुन्हा करीत.

मूल बिघडले की दोष संस्कारांना, संगतीला किंवा त्या मुलाच्याच दुष्टपणाला देण्याचा तो काळ होता. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ मध्ये तीन व्याख्याने देऊन, बुद्धी शाबूत असूनही स्वतःला आवरू न शकणाऱ्या मुलांचा प्रश्न मांडला होता आणि त्यामागे शारीरिक कारण असू शकते, असेही सुचविले होते. पण ठोस पुरावा हाती नव्हता. तो पुरावा एका भयंकर साथीने पुरविला. ती साथ ओळखून तिला नाव देणारे आणि तिने मेंदूत नेमका कुठे घाव घातला हे दाखविणारे वैद्य म्हणजे व्हिएन्नाचे कॉन्स्टान्टिन फॉन इकॉनॉमो.

अभियंता, वैद्य, वैमानिक

इकॉनॉमो यांचा जन्म २१ ऑगस्ट १८७६ रोजी रुमानियातील ब्राइला या शहरात एका सधन ग्रीक कुटुंबात झाला. ते अगदी लहान असतानाच कुटुंब त्रिएस्त या बंदराच्या शहरी स्थायिक झाले. आज इटलीत असलेले हे शहर त्यावेळी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. घरात ग्रीक, गावात इटालियन आणि राज्यकारभारात जर्मन अशा वातावरणात ते वाढले. उद्योगपती वडिलांच्या इच्छेखातर त्यांनी व्हिएन्नात यंत्र अभियांत्रिकीचा अभ्यास सुरू केला. पण दोन वर्षांतच तो सोडून ते वैद्यकाकडे वळले. १९०१ मध्ये त्यांनी वैद्यकीय पदवी मिळविली.

त्यानंतरची काही वर्षे त्यांनी युरोपातील नामवंत गुरूंच्या हाताखाली घालविली. पॅरिस, बर्लिन आणि म्युनिक येथील मनोविकार व मज्जाविकारांच्या रुग्णालयांत त्यांनी काम केले. म्युनिकमध्ये एमिल क्रेपेलिन आणि आलोइस अल्झायमर यांचा सहवास त्यांना लाभला. रुग्णाच्या खाटेशेजारी बसून लक्षणे टिपायची आणि मृत्यूनंतर त्याच रुग्णाचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचा, ही त्या परंपरेची शिस्त होती. १९०६ मध्ये व्हिएन्नाला परतून ते युलिउस वाग्नर-याउरेग यांच्या चिकित्सालयात रुजू झाले. मनोविकार आणि मज्जाविकार यांचे रुग्ण तेथे एकाच छताखाली येत. पुढच्या शोधात ही गोष्ट महत्त्वाची ठरली.

याच काळात त्यांना विमानाचे वेड लागले. आंतरराष्ट्रीय वैमानिक परवाना मिळविणारे ते पहिले ऑस्ट्रियन ठरले आणि १९१० पासून १९२६ पर्यंत ऑस्ट्रियाच्या एरो क्लबचे अध्यक्ष राहिले. महायुद्धात त्यांनी तिरोलच्या डोंगराळ आघाडीवर विमान चालविले. १९१६ मध्ये त्यांचा धाकटा भाऊ युद्धात मारला गेला. आई-वडिलांच्या आग्रहामुळे ते आघाडीवरून परतले आणि व्हिएन्नात डोक्याला जखमा झालेल्या सैनिकांवर उपचार करू लागले.

‘नोना’ची आठवण

१९१६-१७ च्या हिवाळ्यात चिकित्सालयात काही वेगळेच रुग्ण येऊ लागले. कोणावर मेंदूच्या आवरणाच्या दाहाचे, तर कोणावर वाताचे निदान झालेले असे. इकॉनॉमो यांना मात्र या सर्वांत एक समान धागा दिसला. ताप, डोकेदुखी, मिटत चाललेल्या पापण्या, एकाच्या दोन वस्तू दिसणे आणि न आवरणारी झोप. हलवून उठविले तर रुग्ण भानावर येई, प्रश्नांची नीट उत्तरे देई आणि घास तोंडात असतानाच पुन्हा झोपी जाई. ही बेशुद्धी नव्हती, झोपच होती.

लहानपणी घरात ऐकलेली एक गोष्ट यावेळी त्यांना आठवली. १८९० च्या सुमारास उत्तर इटलीत तापाच्या साथीपाठोपाठ माणसांना झोपवून टाकणारा एक आजार पसरला होता आणि लोक त्याला ‘नोना’ म्हणत. आईच्या तोंडून ऐकलेली ती हकिगत डॉक्टरांनी दंतकथा म्हणून सोडून दिली नाही. दगावलेल्या रुग्णांचे मेंदू त्यांनी तपासले, तेव्हा मध्यमेंदूच्या करड्या भागात आणि मेंदूच्या तिसऱ्या पोकळीच्या भिंतींत दाहाच्या खुणा आढळल्या. एप्रिल १९१७ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष व्हिएन्नातील तज्ज्ञांपुढे मांडले आणि या रोगाला ‘एन्सेफलायटिस लेथार्जिका’ असे नाव दिले. त्सेत्से माशीमुळे आफ्रिकेत होणाऱ्या निद्रारोगाशी या आजाराचा संबंध नव्हता. त्याच वसंतात फ्रान्समध्ये जाँ-रने क्रुशे यांनीही अशाच रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. युद्धामुळे दोन्ही देशांतील वैद्यांना एकमेकांच्या कामाची कल्पना नव्हती.

पुढील दहा वर्षे ही साथ जगभर फिरली, लक्षावधी लोकांना तिने ग्रासले आणि ती आली तशीच विरून गेली. तिचे कारण आजतागायत निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाशी तिचा संबंध अनेकांनी जोडला. परंतु इकॉनॉमो यांचे पहिले रुग्ण त्या साथीच्या आधीचे होते.

एकच घाव, वेगळे परिणाम

काही रुग्ण झोपत, तर काहींची झोप पूर्णपणे उडे. या दोन टोकांचे कोडे इकॉनॉमो यांनी मेंदूतील घावांच्या जागेवरून सोडविले. झोप उडालेल्यांच्या मेंदूत अधश्चेतकाच्या, म्हणजे हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात दाह होता. झोपेत बुडालेल्यांत मागच्या भागात. त्यावरून झोप ही निव्वळ थकव्याची अवस्था नसून तिचे नियमन करणारी केंद्रे मेंदूत आहेत, हे त्यांनी प्रतिपादिले. हा निष्कर्ष पुढे प्रयोगशाळांतील संशोधनाने मुख्यत्वे खरा ठरविला.

मात्र साथीचा खरा धडा आजार बरा झाल्यावर समोर आला. प्रौढ रुग्णांपैकी अनेकांना काही वर्षांनी कंपवातासारखा विकार जडला. शरीर ताठर होई, चेहरा भावशून्य होई, काहींची हालचाल जवळजवळ थांबे. न्यूयॉर्कमधील अशाच रुग्णांना ऑलिव्हर सॅक्स यांनी १९६९ मध्ये एल-डोपा हे औषध दिले होते. त्यावरील त्यांचे ‘अवेकनिंग्ज’ हे पुस्तक आणि १९९० चा त्याच नावाचा चित्रपट अनेकांच्या परिचयाचा आहे. लहान मुलांत मात्र त्याच रोगाने पुष्कळदा शरीर न गोठवता मनाचा लगाम सोडविला. अखंड चुळबुळ, क्षणात राग, क्षणात माया, मनात आले की कृती. बुद्धी बहुतेकदा शाबूत राही, चूक काय हे मुलाला सांगता येई. पण स्वतःला थांबविणे त्याच्या हाती नसे.

असे का घडावे, याचे उत्तर त्या पिढीकडे पूर्णपणे नव्हते. डोपामिन या द्रव्याचे मेंदूतील कार्य १९५० च्या दशकाच्या अखेरीस उमगले. या रोगाचा फटका मध्यमेंदूतील ज्या पेशींना बसत असे, त्यांतल्या अनेक पेशी डोपामिन तयार करतात. त्यांचे तंतू मेंदूच्या तळाशी असलेल्या पेशीपुंजांपर्यंत आणि कपाळामागील भागापर्यंत पोहोचतात. हालचाल सुरू करणे, तसेच ऊर्मी रोखणे, ही दोन्ही कामे याच जाळ्यातून चालतात. प्रौढात हे जाळे बांधून पूर्ण झालेले असते; मुलात ते अजून विणले जात असते. कपाळामागील भागाची वाढ तर विशीपर्यंत चालू राहते. त्यामुळे एकाच ठिकाणचा घाव वयानुसार वेगळे रूप घेतो, असे मानले जाते.

शिक्षेकडून उपचाराकडे

या मुलांचे करायचे काय, हा प्रश्न लवकरच डॉक्टरांच्या खोलीबाहेर गेला. शाळा त्यांना ठेवून घेईनात, काही जण न्यायालयांपुढे उभे राहिले, तर काहींची रवानगी वेड्यांच्या इस्पितळांत प्रौढांसोबत झाली. लंडनमध्ये १९२५ साली विंचमोर हिल येथील रुग्णालयात अशा मुलांसाठी स्वतंत्र विभाग उघडण्यात आला. अमेरिकेत फिलाडेल्फियातही त्यांच्यासाठी निवासी शाळा चालविली गेली. ठरलेली दिनचर्या आणि न चिडणारे सेवक यांच्या सहवासात काही मुले सुधारतात, असे तेथे दिसून आले. इंग्लंडच्या कायद्यालाही या साथीची दखल घ्यावी लागली. जन्मजात नसलेला, पण वयाच्या १८ वर्षांपूर्वी आजाराने वा इजेने आलेला मानसिक दोषही १९२७ मध्ये मनोदौर्बल्याच्या व्याख्येत समाविष्ट करण्यात आला. ज्या वर्तनाला तोपर्यंत दुष्टपणा म्हटले जात होते, त्यात मेंदूच्या आजाराचाही वाटा असू शकतो, हे प्रथमच कायद्याच्या भाषेत आले.

मुलांच्या वर्तनाकडे वैद्यकाच्या नजरेने पाहण्याची ही वाट पुढे रुंद झाली. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात १९३१ मध्ये मुलांसाठी खास मनोविकार रुग्णालय उभे राहिले. तेथे चार्ल्स ब्रॅडली यांनी १९३७ मध्ये वर्तनसमस्या असलेल्या ३० मुलांना बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध दिले. त्यातील निम्म्या मुलांची अभ्यासातील प्रगती लक्षणीय होती. आज अवधान-अस्थिरता आणि अतिचंचलतेवर दिल्या जाणाऱ्या औषधांचा इतिहास येथून सुरू होतो.

इकॉनॉमो स्वतः मात्र मेंदूच्या नकाशात गढून गेले होते. ग्रीक सहकारी गेऑर्ग कोस्किनास यांच्यासह त्यांनी १९२५ मध्ये प्रौढ मानवी मेंदूच्या बाह्यकाचा, म्हणजे वरच्या थराचा, महाग्रंथ प्रसिद्ध केला. ११२ छायाचित्रपट आणि पेशींच्या रचनेनुसार पाडलेले १०७ विभाग हा त्याचा व्याप होता. १९२९ मध्ये साथीवरील त्यांचा सविस्तर ग्रंथ आला. १९३१ मध्ये व्हिएन्नात मेंदू संशोधनाचा स्वतंत्र विभाग त्यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. पण हृदयविकाराने त्यांना तेथे फार काळ काम करू दिले नाही. २१ ऑक्टोबर १९३१ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९१९ मध्ये त्यांच्याशी विवाहबद्ध झालेल्या पत्नी कारोलिन यांनी पुढे वाग्नर-याउरेग यांच्यासह त्यांचे चरित्र सिद्ध केले.

नावाचा वारसा

मेंदूचा नकाशा काढताना इकॉनॉमो यांनी लांबट, चातीच्या आकाराच्या काही मोठ्या पेशींचे बारकाईने वर्णन केले होते. आज त्या फॉन इकॉनॉमो पेशी म्हणूनच ओळखल्या जातात. स्वतःच्या शरीराची जाणीव आणि इतरांच्या भावना यांच्याशी संबंध असलेल्या दोन विशिष्ट भागांत त्या प्रामुख्याने आढळतात. जन्माच्या वेळी त्या अत्यल्प असतात आणि पुढच्या काही महिन्यांत वाढतात, असे अलीकडच्या संशोधनातून दिसले आहे. त्यांचे नेमके कार्य अद्याप अभ्यासाचा विषय आहे.

या वारशाचा अतिरेकही झाला. विसाव्या शतकाच्या मध्यास मेंदूला इजा झाल्याचा कोणताही पुरावा नसताना, केवळ वर्तनावरून अनेक चंचल मुलांवर मेंदूच्या सौम्य इजेचा शिक्का मारण्यात आला. प्रत्येक खोडकर मूल आजारी नसते आणि घरातील ताण, भीती, प्रेम यांचाही मुलाच्या मज्जासंस्थेवर परिणाम होतो, हे मान्य होण्यास वेळ लागला. इकॉनॉमो यांची पद्धत वेगळी होती. आधी रुग्ण नीट पाहायचा, मग पुरावा शोधायचा आणि त्यानंतरच नाव द्यायचे.

त्या पद्धतीचे मोल आजही कमी झालेले नाही. शरीराची प्रतिकारशक्ती मेंदूतील एनएमडीए या ग्राहींवरच उलटते, असा मेंदूदाहाचा एक प्रकार २००७ मध्ये जोसेप दालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उजेडात आणला. त्यात मुलांमध्ये प्रथम दिसतात ती लक्षणे पुष्कळदा वर्तनाचीच असतात. चिडचिड, झोपमोड, अकारण आक्रमकता, बोलणे कमी होणे. वेळेवर निदान झाल्यास बहुतांश रुग्ण सुधारतात. इकॉनॉमो यांच्या काळातील काही मुलांना हाच विकार झाला असावा, अशी शक्यताही संशोधकांनी मांडली आहे. हसतेखेळते मूल काही दिवसांतच ओळखू न येण्याइतके बदलले, तर त्याला रागे भरण्याआधी डॉक्टरांकडे नेले पाहिजे. शंभर वर्षांपूर्वी व्हिएन्नाच्या रुग्णालयातून मिळालेला हा धडा आज एखाद्या मुलाचे प्राण वाचवू शकतो.