हिमभूमीचे साधक आल्फ्रेड वेगेनर

आपल्या नागपुराच्या दक्षिणेस, चंद्रपुराजवळ इरई नदीच्या परिसरांत, गोटेमिश्रित मातीचा एक प्राचीन थर आहे. त्याखालील चुनखडकावर ओरखडे आढळतात. सुमारें ३० कोटी वर्षांपूर्वीं येथून बर्फ सरकत गेला, त्याच्या ह्या खुणा होत. उन्हाळ्यांत जेथें अंगाची लाही होते, तेथें बर्फ आला कोठून? अशा कोड्यांचें उत्तर देणारे आल्फ्रेड वेगेनर ह्यांचें चरित्र आपण पाहूं.

त्यांचा जन्म १ नोव्हेंबर १८८० रोजीं बर्लिन येथें एका धर्मोपदेशकाच्या घरीं झाला. १९०५ सालीं त्यांनीं खगोलशास्त्रांत डॉक्टरेट मिळविली. पण मन रमलें तें हवामानशास्त्रांत. पुढील वर्षीं बंधु कुर्ट ह्यांच्यासह ते बलूनमधून सलग ५२ तास आकाशांत राहिले. १९१२ सालीं त्यांनीं प्रतिपादिलें, कीं सर्व खंडें एके काळीं एकत्र होतीं व मागून दूर सरकलीं. दक्षिणेकडील खंडांवरील आणि भारतांतील हिमखुणा हा त्यांचा एक मोठा पुरावा होता. बहुतेक विद्वानांनीं तो हंसण्यावारी नेला. वेगेनर खचले नाहींत.

त्यांचें दुसरें प्रेम ग्रीनलंड. तेथें कडेच्या भागांत उन्हाळ्यांत वरचें हिम वितळतें. तें पाणी खालच्या थंड थरांत झिरपून पुन्हां गोठतें. गोठतांना दर ग्रॅममागें सुमारें ८० कॅलरी उष्णता बाहेर पडते. त्यामुळें भोंवतालचें हिम कांहींसें उबदार होतें व मध्येंच कठीण बर्फाचे पापुद्रे बनतात. मध्यभागीं मात्र वितळणें क्वचितच. तेथें वर्षानुवर्षांचें हिम स्वतःच्या भारानेंच घट्ट होतें. १९३० सालच्या मोहिमेंत किनाऱ्यापासून सुमारें ४०० किलोमीटर आंत एक ठाणें वसविलें होतें. तेथें झोर्गे ह्यांनीं सुमारें १५ मीटर खोल विवर खणून, पोथीचीं पानें उलगडावीं तसे हे वार्षिक थर वाचले.

ह्या ठाण्यांतील सहकाऱ्यांस हिवाळ्यापूर्वीं मदत मिळावी म्हणून वेगेनर स्वतः निघाले. वाटेंत बहुतेक सोबती परतले. ते, लोवे व ग्रीनलंडचे तरुण रास्मुस विलुमसेन एवढेच ३० ऑक्टोबरला पोंचले. लोवे ह्यांचे पाय हिमदंशानें निकामी झाले होते. पांच जणांस हिवाळाभर पुरेल इतकी शिधासामुग्री नव्हती. म्हणून १ नोव्हेंबरला, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशीं, वेगेनर विलुमसेनसह परत फिरले. दोघेही किनाऱ्यास पोंचले नाहींत. मे १९३१ मध्यें वेगेनर ह्यांचा देह हिमांत नीट पुरलेला सांपडला. विलुमसेननें तें अंत्यकर्तव्य केलें होतें. तो स्वतः मात्र कधींच सांपडला नाहीं.

मित्रांनीं वेगेनर ह्यांस तेथेंच ठेविलें. पुढें १९६० नंतरच्या दशकांत समुद्रतळाच्या संशोधनानें खंडांचें सरकणें सिद्ध झालें. तें पाहावयास ते नव्हते. विद्यार्थिमित्रहो, सत्यास मान्यता मिळण्यास विलंब लागतो. कर्तव्यास मात्र विलंब चालत नाहीं, हें ह्या चरित्रापासून आपण शिकावें.